द्रव्यशुद्धी आणि न्हाणीघराची भिंत

न्हाणीघराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक हातात घेऊन मक्तेदार जेव्हा घरधन्यास विचारतो की भिंतींना काय लावावयाचे, तेव्हा या विचारणेत धर्मशास्त्राला काही स्थान असेल अशी शंका उभयतांपैकी कोणाच्याही मनास शिवत नाही. एकाचे लक्ष चौरस फुटाच्या दराकडे असते आणि दुसऱ्याचे रंगाकडे. पण कोणते द्रव्य कशाने मलिन होते, कशाने शुद्ध होते आणि कोणते एकदा मलिन झाले म्हणजे टाकूनच द्यावे लागते, हा विषय आपल्या स्मृतिकारांनी मोठ्या आस्थेने हाताळला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या, १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या, चौथ्या खंडात शुद्धीच्या विचाराला अशौच आणि श्राद्ध यांच्या पंक्तीला बसविले आहे. त्या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी एक प्रश्न आहे: शुद्धी हा पदार्थाच्या ठायी वसणारा गुण आहे, की पदार्थाशी आपण ठेवीत असलेल्या व्यवहाराचा? या प्रश्नाची परीक्षा करण्यास न्हाणीघराच्या भिंतीइतके योग्य स्थळ घरात दुसरे नाही, कारण अन्य कोणत्याही भिंतीच्या आश्रयाला मनुष्य केवळ मळ टाकण्यासाठी जात नाही.

स्मृतिकारांची पद्धत पाहिली की प्रथम नवल वाटते ते त्यांच्या निरीक्षणाचे. मनूच्या पाचव्या अध्यायात सोन्याचे भांडे, त्याला काही चिकटलेले नसेल तर, नुसत्या पाण्याने शुद्ध होते. दगडाच्या वस्तूंना राख, माती आणि पाणी पुरते. तांबे, कासे, पितळ यांना क्षार आणि आंबट पदार्थ लागतात. मातीचे भांडे मात्र पुन्हा भट्टीत घालावे लागते, आणि काही विशिष्ट मळ त्यात मुरला असेल तर भट्टीही त्याला वाचवू शकत नाही. या व्यवस्थेत जातीचा आणि विधीचा अंश कितीही मिसळलेला असो, तिच्या तळाशी पदार्थाच्या स्वभावाचे एक अचूक ज्ञान आहे, ते हे की जे शोषून घेते ते धुता येत नाही आणि जे शोषीत नाही ते धुण्याने भागते. आजचा कारखानदार ज्याला जलशोषणाचे प्रमाण म्हणतो आणि फरशीच्या खोक्यावर टक्क्यांत छापतो, त्याच भेदावर हे नियम उभे आहेत. जमिनीच्या शुद्धीसाठी सांगितलेले उपाय तर अधिकच बोलके आहेत: झाडणे, सारवणे, शिंपणे, खरवडणे आणि गायी बांधणे. यांतील एकही उपाय एकदा करून सोडून देण्याजोगा नाही. भूमी शुद्ध असते असे कोणी म्हणत नाही, ती शुद्ध करीत राहावी लागते.

आपल्या जुन्या वाड्यांतील आणि कोकणातील घरांतील न्हाणी याच तत्त्वावर चालत असे. ती परसदाराला असे. खाली शहाबादी फरशी किंवा काळा घडीव दगड, भोवती चिऱ्याचा अथवा विटांचा उघडा आडोसा, कोपऱ्यात घंगाळ आणि बंब, आणि सांडपाण्याला वाट करून दिलेली अळवाच्या वाफ्यात नाही तर केळीच्या बुंध्याशी. त्या भिंतीवर पाणी उडे, ती ओली होई, आणि दुपारच्या उन्हावाऱ्याने ती आपोआप वाळे. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरे ते दसऱ्यापूर्वी घासून काढीत. ओल ही तिथे शत्रू नव्हती, कारण तिला बाहेर जाण्यास मोकळीक होती. ही स्थिती पालटली ती न्हाणीघर घराच्या पोटात शिरले तेव्हा. चाळींमागून सदनिकांच्या इमारती आल्या, न्हाणीघर निजण्याच्या दोन खोल्यांमध्ये सापडले, त्याला ऊन मिळेनासे झाले, वारा एका हातभर झरोक्यातून येऊ लागला, आणि त्याची जमीन ही दुसऱ्या कोणाच्या तरी माथ्यावरचे छत झाली. त्या क्षणी भिंतीवर एक नवे कर्तव्य येऊन पडले. पूर्वी तिच्यावर केवळ आडोशाची जबाबदारी होती. आता शेजाऱ्याच्या छताला पोपडे येऊ न देण्याची, म्हणजे शेजारधर्माची, जबाबदारी तिच्यावर आली. गृहनिर्माण संस्थांच्या दप्तरांत गळतीच्या तक्रारींचे जे कागद साठलेले असतात त्यांना या अर्थी नीतिशास्त्राचे दप्तर म्हणण्यास हरकत नसावी.

या नव्या कर्तव्यासाठी नव्या काळाने जे द्रव्य पुढे केले ते म्हणजे चकचकीत लेपाची पांढरी लादी. रोगजंतूंचा शोध लागल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शुभ्रता आणि आरोग्य यांची जी सांगड बसली, तिच्या बळावर ही लादी रुग्णालयांतून घराघरांत आली. आणि सोवळ्याची चिकित्सा करून त्यातील आरोग्याचा अंश तेवढा खरा मानणाऱ्या आगरकरांच्या पिढीला जी स्वच्छता अभिप्रेत होती, तिचे ही लादी म्हणजे जणू मूर्त रूपच होय. तिच्यावर डाग दिसतो, दिसला की पुसता येतो, आणि पुसला की उरत नाही. तरीही तिचे अंतरंग पाहिले तर चित्र निराळे आहे. भिंतीसाठी भाजलेल्या सामान्य लादीच्या काचसदृश लेपामागची माती सच्छिद्र असते, इतकी की आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार या वर्गातील लादी आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ शकते. वरचा पातळ लेप अभेद्य, आतला देह तहानलेला, आणि दोन लाद्यांच्या मधल्या दर्जांतून पाण्याला आत शिरण्यास शेकडो वाटा. दर्जा कितीही नेटाने भरल्या तरी पाण्याचे बाष्प आणि साबणाचे पाणी त्यांतून कालांतराने आत जातेच. म्हणून जाणता गवंडी लादीला जलरोधक मानीत नाही. तो म्हणतो, पाणी अडवायचे ते लादी लावण्याआधी.

गवंड्याचे हे म्हणणे नवे नाही. मोहेंजोदडो येथील महास्नानगृहाच्या हौदाची लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७ मीटर आणि खोली २.४ मीटर भरते. त्याच्या दर्शनी विटा जिप्समच्या चुन्यात इतक्या घट्ट बसविलेल्या आहेत की सांधा जेमतेम दिसतो. पण बांधणाऱ्यांनी त्या सांध्यावर विसंबून राहण्याचे नाकारले, आणि दर्शनी भिंतीच्या मागे डांबराचा एक अखंड थर देऊन त्याला मागून पुन्हा विटांचा आधार दिला. हौदात उतरणाऱ्या कोणालाही तो थर कधी दिसला नसेल. त्या स्नानाला धार्मिक अर्थ होता असे बहुतेक पुरातत्त्वज्ञ अनुमान करतात. ते खरे असेल तर उपखंडातील पावित्र्याच्या आपणास ज्ञात असलेल्या अतिप्राचीन वास्तूचे रक्षण, कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या एका काळ्या, चिकट, ओबडधोबड द्रव्याने केले. पावित्र्याच्या दर्शनी खुणा आणि पावित्र्य टिकविणारे साधन या दोन गोष्टी एकच असतात असे जे आपण सहसा गृहीत धरतो, त्या समजुतीस याहून सबळ प्रत्युत्तर शोधून सापडावयाचे नाही. गंध, माळ, सोवळे या गोष्टींना दर्शनी विटांचे महत्त्व जरूर आहे. पाणी अडते ते मात्र दुसऱ्याच ठिकाणी.

मग कोणी म्हणेल की, दर्शनी भागच अंतर्बाह्य अभेद्य केला तर मागच्या थराची गरज काय? कारखान्यांनी हाही प्रयोग केला आहे. व्हिट्रिफाइड म्हणून जी लादी गुजरातेतील मोरबीहून गाड्या भरभरून येते, ती अतिउच्च उष्णतेत भाजून इतकी घट्ट केलेली असते की तिचे जलशोषण अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील, पाण्यात राहून पाण्याने न भिजणाऱ्या कमलपत्राचा दृष्टांत आठवावा असे हे द्रव्य आहे. परंतु याच ठिकाणी एक अनपेक्षित अडचण उभी राहते: जे काहीच आत घेत नाही त्याला भिंतही नीट धरू शकत नाही. साध्या लादीची पाठ सिमेंटचे पाणी थोडे शोषून घेते आणि त्या शोषण्यातूनच ती भिंतीशी जखडली जाते; व्हिट्रिफाइड लादीची पाठ कोरडी ती कोरडीच राहते, आणि निव्वळ सिमेंटवर ती लावली तर काही वर्षांत पोकळ वाजू लागते व एखादे दिवशी सुटून पडते. तिला खास चिकटद्रव्य लागते, ते पाठीवर सर्वत्र नीट पसरावे लागते, आणि तरीही दर्जा व मागचा थर यांची गरज संपत नाहीच. अलिप्ततेचा जो अर्थ आपण बहुधा घेतो, की कशानेही स्पर्श होऊ नये, त्याची मर्यादा या लादीने दाखवून दिली आहे. कमळाचे पान पाण्याने भिजत नाही खरे, पण त्याचा देठ चिखलातून पाणी ओढीत असतो; देठाविना पान कोरडे राहते ते केवळ वाळून गेल्यामुळे. निर्लेपतेला मुळे असावी लागतात ही गोष्ट वैराग्याची वर्णने वाचताना आपल्या नजरेतून सुटते.

याच्या अगदी उलट स्वभावाचे द्रव्य म्हणजे चुना. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो, पाण्यात विरवला की तो फसफसून मऊ पडतो, घाणीत मळून भिंतीवर चढविला की हवेतील कर्बवायू हळूहळू आत घेऊन तो पुन्हा मूळचा दगड बनतो. हा परतीचा प्रवास पुरा होण्यास महिने, जाड थरात वर्षेही लागतात. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, आणि ताजेपणी तिच्या क्षारधर्मामुळे बुरशीला तिच्यावर सहजासहजी थारा मिळत नाही. राजस्थानात आराईश नावाचा जो गिलावा करीत, त्यात मुरविलेल्या चुन्यात संगमरवराची वस्त्रगाळ भुकटी घालून, थरावर थर देऊन, गुळगुळीत दगडाने तो आरशासारखा घोटीत. मोरोक्कोतील माराकेशच्या हमामखान्यांत तादेलाक्त म्हणून असाच गिलावा असतो, त्यावर ऑलिव्हच्या तेलाचा काळा साबण चोळतात, आणि साबण व चुना यांच्या संयोगातून पाण्यात न विरघळणारा एक पदार्थ तयार होऊन पृष्ठभागाची छिद्रे बुजतात. मळ काढणारा साबणच येथे भिंतीचे कवच होतो. पण या भिंतीची अट अशी की तिला विसरता येत नाही: तो साबण अधूनमधून पुन्हा चोळावा लागतो, ओरखडा पडला तर वेळीच बुजवावा लागतो, आणि हे काम जाणणारा कारागीर आज विरळा आहे. सारवलेल्या जमिनीचाच धर्म ती वेगळ्या रूपाने पाळते. लादी आपल्याला एकदाच्या खर्चात शुद्धी विकत देऊ पाहते. चुना ती हप्त्याहप्त्याने, आयुष्यभर, श्रमाच्या रूपात मागतो.

दगडाची कैफियत आणखी निराळी. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर या चारही प्रकारांचा वापर आपल्याकडील न्हाणीघरांत झालेला आहे, आणि रंगरूपाने कितीही भिन्न असले तरी रसायनदृष्ट्या हे चौघे एकाच घराण्याचे, चुनखडीचे, आहेत; संगमरवर हा तर भूगर्भातील उष्णतेने व दाबाने रूपांतर पावलेला चुनखडकच होय. विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या जड पाण्याचे पांढरे थर भिंतींवर जमले की आपल्या घरांत सर्रास बाजारातून अॅसिडची बाटली आणली जाते. त्या अॅसिडने पाण्याचा थर विरघळतो, पण थर आणि दगड हे एकाच जातीचे असल्यामुळे अॅसिड दोघांत भेद करीत नाही; फेस येतो, झिलई जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि पुढचा मळ त्यावर अधिक घट्ट बसतो, सबब पुढच्या खेपेस अधिक अॅसिड. ताम्रपात्राला आंबट आणि दगडाला राख, असा जो विवेक स्मृतिकारांनी केला होता, तो रसायनशास्त्र शिकलेल्या पिढीने गमावला म्हणावयाचा.

शुद्धीचा अतिरेक शोध्य वस्तूलाच खातो, ही गोष्ट दगडापुरती असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्यानंतर गावातील सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी तळ्यात ओतून ते शुद्ध करून घेतले. तळ्याच्या पाण्यात काही मिसळले असेल तर ते त्या घागरींमुळेच मिसळले; तरी विधी करणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नाही, कारण त्यांच्या लेखी शुद्धी हा पाण्याचा गुण नव्हताच, तो त्यांच्या अधिकाराचा शिक्का होता. ज्या विचाराची सुरुवात मातीचे भांडे काय शोषते या निरीक्षणापासून झाली, त्याचा शेवट माणसाच्या स्पर्शाने काय बाटते या फर्मानात व्हावा, हे आपल्या धर्मेतिहासातील मोठे अधःपतन होय. पदार्थाविषयीचे ज्ञान माणसांवर लावले गेले, आणि जे भांड्याबाबत शास्त्र होते ते मनुष्याबाबत अत्याचार ठरले.

त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि ते यथायोग्य झाले. तथापि त्या ग्रंथाच्या त्याच पाचव्या अध्यायात एक विधान असे आहे की ज्याने त्या ग्रंथाचे पुष्कळसे शुद्धिशास्त्र त्याच्यावरच उलटते: सर्व शुद्धींत अर्थाची, म्हणजे द्रव्यार्जनाची आणि व्यवहाराची, शुद्धी श्रेष्ठ असून माती व पाणी यांनी शुद्ध झालेला मनुष्य खरा शुद्ध नव्हे, असा त्याचा आशय आहे. ग्रंथाचे प्रामाण्य न स्वीकारताही हे विधान उचलावे, कारण न्हाणीघराच्या भिंतीला ते अक्षरशः लागू पडते. भिंतीचे जे काम खरोखर महत्त्वाचे, म्हणजे गिलाव्यावरील जलरोधक थर, नळांभोवतीचे सांधे, नहाणीकडे जाणारा जमिनीचा ढाळ, ते लादी लागल्यावर झाकले जाते. त्यात केलेली चोरी वर्षभर कोणास कळत नाही, आणि कळते तेव्हा ती दुसऱ्याच्या छतावर कळते. म्हणून लादी लावण्यापूर्वी जमिनीवर पाणी साठवून दोन दिवस ते उतरते का हे पाहण्याची जी चाचणी आहे, तिला मी अर्थशौचाचा विधी म्हणतो. मक्तेदाराची घाई आणि घरधन्याची कंजुषी या दोहोंची परीक्षा तिच्यात एकदमच होते.

अर्थाच्या या शुद्धीत भिंतीमागची माणसेही येतात. दगड आणि लादी कोरडी कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यातील सिलिका कारागिराच्या फुप्फुसांत साठते, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा असाध्य रोग १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सूचनायोग्य रोगांच्या यादीत घातला होता. पण सदनिकेच्या गच्चीवर यंत्र लावून लादी कापणारा मजूर अशा कायद्याच्या कक्षेत क्वचितच येतो. यंत्रावर पाण्याची धार सोडणे आणि तोंडाला योग्य मुखपट्टी देणे यास फारसा खर्च लागत नाही, केवळ तो खर्च अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही. भिंत उभी राहिल्यावर ती धुणार कोण, हा प्रश्नही त्याच हिशेबातला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम स्वतः करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली म्हणून उपोषण आरंभले, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठोपाठ अन्न वर्ज्य केले. साफसफाईचा अधिकार मिळावा म्हणून एका ब्राह्मणाने उपाशी राहावे, ही घटना आपल्या शुद्धिशास्त्रावरील सर्वांत तीक्ष्ण भाष्य आहे. त्यांचे म्हणणे मान्य केले तर मळ काढणाऱ्याकडे मळ जातो ही कल्पनाच कोसळून पडते.

येथे असा आक्षेप येऊ शकतो की, एका खोलीच्या दुरुस्तीवर इतका तत्त्वभार लादणे म्हणजे सामान्य माणसाला निर्णयच करू न देणे होय. तसे नाही, या विचाराने निर्णय उलट सोपा होतो. जिथे पाणी रोज अंगावरून भिंतीवर पडते तिथे मागे अखंड जलरोधक थर देऊन पुढे कोणतीही चांगली लादी, पुरुषभर उंचीपर्यंत, लावावी. जिथे केवळ वाफ पोहोचते तिथे चुन्याचा अथवा श्वसनक्षम रंगाचा गिलावा ठेवून भिंतीला वाळू द्यावे. पाण्यात अल्पांशाने विरघळणारे जिप्सम आणि बुरशीला खाद्य पुरविणारा कागद यांनी बनलेले साधे फळे न्हाणीत वापरू नयेत. दगड आवडत असेल तर तो खुशाल लावावा, पण त्यासोबत अॅसिडची बाटली घराबाहेर काढण्याचा निश्चयही करावा. झरोका बुजवून कोणतेही द्रव्य लावले तरी ते कुजेल. या निवडींपैकी एकही दुसरीहून अधिक पवित्र नाही. प्रत्येक द्रव्याला त्याचा स्वभाव आहे, आणि आपल्या हातून त्या स्वभावाप्रमाणे त्याची सेवा होणार आहे की नाही, एवढाच विचार करावयाचा असतो. ज्याला आठवड्याला अर्धा तास भिंतीसाठी काढावयाचा नाही त्याने चुन्याचा मोह धरू नये. ज्याला दर्जांतील काळेपणा सहन होत नाही त्याने लहान लाद्यांचे नक्षीकाम मांडू नये.

शुद्धी ही अशा रीतीने द्रव्यात नसते आणि विधीतही नसते. ती द्रव्याला ओळखून केलेल्या, पुन्हा पुन्हा करावयाच्या आणि दुसऱ्यावर न ढकललेल्या कर्मात असते. म्हणून मक्तेदाराने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी घरधन्याने त्याला चार प्रश्न विचारावेत: लादीच्या आत काय घालणार, ते भिजवून कोण तपासणार, कापणाऱ्याला मजुरी आणि मुखपट्टी किती व कोणती मिळणार, आणि ही भिंत पुढे कशाने धुवावी. या चारांची उत्तरे सरळ मिळाली तर मकराण्याचा संगमरवर आणि साधी शहाबादी यांत निवड करण्यास रुची आणि ऐपत पुरे. आणि ती तशी मिळाली नाहीत तर, भिंतीला काहीही लावले तरी, ते न्हाणीघर अशुद्धच समजावे.